पाचूचा रंग आणि पाचूचें मोल

सोन्याचा दागिना मोडावयास नेला असतां सराफ तो कसोटीवर घांसतो, तराजूंत घालतो आणि घट वजा करून त्या दिवसाच्या भावानें रक्कम सांगतो. हिशेब सरळ असतो. पेढी बदलली तरी त्यांत फारसा फरक पडत नाहीं. परंतु त्याच दागिन्यांत हिरवे खडे बसविलेले असले म्हणजे अनुभव निराळा येतो. एक सराफ खडे काढून हातांत परत देतो व केवळ सोन्याचे पैसे मोजतो. दुसरा खड्यांबद्दल किरकोळ रक्कम देऊं करतो. तिसरा भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहतो, आणि हे खडे कोठून घेतले, त्या वेळीं कांहीं कागद मिळाला होता काय, असा उलट प्रश्न विचारतो. घरांतील मंडळींनीं तीस वर्षें पाचूचा हार म्हणून जो जिवापाड जपला, त्याचें मोल एका दुपारीं तीन ठिकाणीं तीन प्रकारचें ठरतें. आजारपण, मुलांचें शिक्षण किंवा घराचें कर्ज अशा निकडीच्या वेळीं हा प्रसंग आला म्हणजे सराफ लबाड आहे, किंवा खरेदीच्या वेळींच फसवणूक झाली होती, असा ग्रह होणें स्वाभाविक आहे. क्वचित् तो खराही असतो. पण पुष्कळदां तिघेही सराफ आपापल्या परीनें खरेंच बोलत असतात. पाचूचें मोल असे हेलकावे कां खातें, हें उमगण्यासाठीं तो खडा मुळांत काय आहे, येथूनच आरंभ करावा लागतो.

पाचूला संस्कृतांत मरकत आणि गारुत्मत अशीं नांवें आहेत. बल नांवाच्या असुराचें पित्त घेऊन वासुकी आकाशमार्गानें चालला असतां गरुडानें त्याच्यावर झडप घातली, आणि खालीं सांडलेल्या पित्ताचे पाचू झाले, अशी कथा गरुडपुराणांत आहे. दुसरें नांव त्या कथेवरून पडलें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उत्तम पाचूच्या कांतीला पोपट, वेळूचें पान, केळ आणि शिरीषाचें फूल यांची उपमा दिली आहे. या वस्तू डोळ्यांपुढें आणून पाहाव्या. सगळ्या हिरव्याच, पण एकीचा हिरवेपणा दुसरीसारखा नाहीं, आणि शिरीषाच्या फुलांत तर हिरव्यापेक्षां मऊ पिवळसर झांकच अधिक. ‘हिरवा’ या एका शब्दावर भागवून न घेणारी ही नजर रत्नपरीक्षकाची आहे. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें हिरा व मोतीं यांच्या मागोमाग पाचूला मान दिला. बारीक कोरीव काम करून डोळे शिणले म्हणजे कारागीर पाचूकडे पाहून ते निववीत, असेंही त्यानें लिहून ठेवलें आहे.

हा रंग येतो कशानें, याचा उलगडा अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें झाला. बेरिल नांवाचा एक साधा, फिकट दगड असतो. त्याचे स्फटिक आणि पाचूचे स्फटिक घडणीनें तंतोतंत सारखे, म्हणजे शिसपेन्सिलीसारखे सहा बाजूंचे असतात, ही गोष्ट आउई नांवाच्या स्फटिकशास्त्रज्ञाच्या ध्यानीं आली. त्याच्या सूचनेवरून वोकलँ या रसायनशास्त्रज्ञानें दोन्ही दगडांचें पृथक्करण केलें. १७९८ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं दोहोंत एकच नवें द्रव्य आहे. त्यांतील मूलद्रव्याला पुढें बेरिलियम हें नांव रूढ झालें. फरक एवढाच निघाला कीं पाचूंत अत्यल्प क्रोमियम होतें. हें क्रोमियमही वोकलँनेंच आदल्या वर्षीं सैबीरियांतील एका तांबड्या खनिजांतून शोधून काढलें होतें, आणि त्याच्या संयुगांचे नाना रंग पाहून ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव ठेविलें होतें.

शुद्ध बेरिल पाण्यासारखें बिनरंगी असतें. त्यांतील ॲल्युमिनियमच्या कांहीं अणूंच्या जागीं क्रोमियमचे, किंवा त्याच्याच तोडीचे व्हॅनेडियमचे, अणु येऊन बसले म्हणजे तेंच बेरिल पाचू होतें. हें प्रमाण बहुधा शंभर भागांत एक भागही नसतें. घागरभर पाण्यांत निळीची चिमूट पडावी तसा हा प्रकार. आणि गंमत अशी कीं, माणकाला तांबडेपणा देणारें द्रव्यही हेंच क्रोमियम. एकाच द्रव्यानें एका रत्नाला तांबडें आणि दुसऱ्याला हिरवें करावें, हें चमत्कारिक वाटतें खरें. पण क्रोमियमचा अणु पांढऱ्या प्रकाशांतील कोणते रंग गिळतो, हें भोंवतालच्या प्राणवायूच्या अणूंनीं त्याला किती घट्ट आवळलें आहे यावर ठरतें. माणकांत ती पकड घट्ट असते. तेथें पिवळा-हिरवा भाग गिळला जाऊन तांबडा उरतो. पाचूंत ती थोडी सैल असते. तेथें नारिंगी-तांबडा भाग गिळला जाऊन हिरवा उरतो. शिवाय उत्तम पाचूंतील क्रोमियम स्वतः थोडा तांबडा प्रकाश बाहेर टाकीत असतें. तो डोळ्यांना वेगळा दिसत नाहीं. पण हिरव्याच्या पोटांत ऊब असल्याचा जो भास होतो, ज्याला जाणकार पाचूचें तेज म्हणतात, त्याला तो कारण होतो. दगडांत लोहाचा अंश वाढला म्हणजे हा आंतला प्रकाश मंदावतो आणि रंग निळसर होतो.

हिऱ्याचें सौंदर्य परक्या प्रकाशावर चालतें. पैलूंवर पडलेले किरण तो फोडून परत फेंकतो. पाचूला तसली लखलख साधत नाहीं आणि ती त्याला शोभणारही नाहीं. त्याच्याकडे पाहातांना दृष्टि पृष्ठभागावर ठेंचाळत नाहीं, आंत उतरते. श्रावणांतल्या शेताच्या बांधावर उभें राहून जो गारवा डोळ्यांना मिळतो, तो नखाएवढ्या जागेंत साठवून ठेवावा, असा कांहींसा हा परिणाम आहे.

आतां प्रश्न असा कीं हे दोन पदार्थ एकत्र आले कसे? बेरिलियम हें ग्रॅनाइटसारख्या फिकट खडकांच्या कुळांत आढळतें. क्रोमियमचें कूळ वेगळें; तें पृथ्वीच्या खोल भागांतून वर आलेल्या काळ्या, जड खडकांत वसतें. या दोघांची गांठ निसर्गांत सहसा पडत नाहीं. पाचू दुर्मिळ आहे तो याच कारणानें. जेथें ग्रॅनाइटाच्या कुळांतला रस अशा काळ्या खडकांत घुसला, तेथें दोहोंच्या सीमेवर पाचू झाले. आफ्रिकेंतील झांबिया, रशियांतील उरल पर्वत, ब्राझीलच्या बहुतेक खाणी आणि मेवाडांतील कालीगुमानच्या आसपासचा भाग, जेथें १९४३ च्या सुमारास पाचू सांपडले, ही सर्व स्थळें या प्रकारचीं आहेत.

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाची गोष्ट मात्र निराळी, आणि पाचूच्या बाजारांत आजही ज्याच्या नांवाला सर्वांहून अधिक वजन आहे तो प्रदेश हाच. बोगोटा शहराच्या उत्तरेकडील डोंगरांत मुसो व कोस्कुएस आणि ईशान्येकडील डोंगरांत चिवोर या तेथील प्रसिद्ध खाणी. तेथें ग्रॅनाइटाचा पत्ता नाहीं. शाळेंतल्या दगडी पाटीची आठवण व्हावी असा काळा, पापुद्र्यांचा खडक तेथें आहे. प्राचीन समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या चिखलाचा तो झालेला आहे. बेरिलियम, क्रोमियम आणि व्हॅनेडियम या तिन्हींचे लेश त्या चिखलांतच विखुरलेले होते. पुढें अँडीज पर्वताची उलथापालथ चालू असतां, जमिनीखालच्या मिठाच्या थरांतून खारावलेलें आणि सुमारें तीनशें अंशांपर्यंत तापलेलें पाणी प्रचंड दाबानें या खडकांत शिरलें. खडक तडकले, पाण्यानें ते लेश आपल्यांत घेतले, आणि फटींतून पांढऱ्या चुनखडी स्फटिकांच्या सोबतीनें पाचू वाढूं लागले. पूर्वेकडील चिवोरच्या बाजूला हें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं घडलें, पश्चिमेकडील मुसोच्या बाजूला त्यानंतर बऱ्याच काळानें, तीन ते चार कोटि वर्षांपूर्वीं. येथील कांहीं विरळ स्फटिकांत काळ्या द्रव्याचे सहा आरे दिसतात. स्पॅनिश भाषेंत ऊंस गाळण्याच्या चरकाला ‘त्रापिचे’ म्हणतात. त्याच्या चाकासारखी आकृति म्हणून या पाचूंनाही तेंच नांव पडलें आहे. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला ती आकृति ओळखूं येण्यास अडचण पडूं नये.

अशा धकाधकींत वाढलेला स्फटिक निर्मळ कसा राहणार? जमीन हालत होती, दाब चढत-उतरत होता, फटी उघडत आणि मिटत होत्या. वाढतां वाढतां पाचू तडकला, पुन्हां सांधला आणि भोंवतीं जें होतें तें पोटांत घेऊन बसला. सूक्ष्मदर्शकाखालीं कोलंबियाच्या पाचूंत पुष्कळदां एक अतिसूक्ष्म पोकळी दिसते. तिच्यांत खारें पाणी असतें, त्या पाण्यांत वायूचा बुडबुडा असतो आणि शेजारीं मिठाचा चौकोनी कण असतो. ज्या पाण्यांत तो खडा जन्मला त्याचाच हा थेंब. कोट्यवधि वर्षें तो आंत कोंडलेला आहे. पाचूच्या अंतरंगांतील या चिरा, तंतू व ठिपके यांना आपल्याकडचे जवाहिरे जाळें म्हणतात. फ्रेंच जवाहिऱ्यांनीं त्यांस ‘बाग’ असें गोड नांव दिलें आहे. हिऱ्यांत असे डाग म्हणजे केवळ दोष. पाचूंत ते इतके सार्वत्रिक आहेत कीं मोठा, गडद आणि अगदीं स्वच्छ खडा समोर आला तर जाणत्याला प्रथम आनंद होत नाहीं, संशय येतो. या एका गोष्टींत पाचूची परीक्षा हिऱ्याच्या परीक्षेच्या अगदीं उलट आहे, आणि सामान्य गिऱ्हाईक नेमकें येथेंच चुकतें. तें हिऱ्याच्या मापानें पाचू निवडतें, आणि निर्मळ म्हणून जो खडा घरीं आणतें तो कित्येकदां कांच निघतो.

भारताच्या राजदरबारांत पाचूंची रेलचेल झाली ती या कोलंबियाच्या खाणींमुळें. तत्पूर्वीं जगाला पाचू मिळत ते मुख्यतः मिसर देशाच्या पूर्वेकडील वाळवंटांतून, आणि थोडे हिंदुकुशाच्या बाजूनें व ऑस्ट्रियाच्या डोंगरांतून; ते बहुधा लहान व मळकट असत. १५३७ सालीं स्पॅनिश शिपायांनीं चिवोरची खाण गांठली. त्या भागांतील मुइस्का लोक त्याआधीं कित्येक शतकें हे खडे देवतांना वाहात आणि मृतांबरोबर पुरीत. विजेत्यांनीं त्याच लोकांना खाणींत जुंपलें, आणि अतिश्रम व नवे रोग यांनीं त्यांची वस्ती भराभर ओसरली. राजाज्ञा निघाल्या, पण समुद्रापलीकडची राजाज्ञा डोंगरांतल्या मुकादमापर्यंत पोंचते केव्हां आणि पाळली जाते किती, हें सांगावयास नको. विसाव्या शतकांतही याच डोंगरांत खाणींच्या ताब्यासाठीं टोळ्यांच्या लढाया होऊन फार रक्तपात झाला; १९९० सालीं तेथें समेट झाला. या रत्नाच्या मोलांत ही बाजूही धरावयास हवी.

युरोपांत एवढ्या पाचूंना पुरेसें गिऱ्हाईक नव्हतें. तें पूर्वेस होतें. १५८० ते १६४० या काळांत स्पेन व पोर्तुगाल एकाच राजाच्या सत्तेखालीं असल्यानें सेव्हिल, लिस्बन आणि गोवा अशी सांखळी सहज जुळली. दुसरी वाट प्रशांत महासागर ओलांडून मनीला बंदरावरून येई. गोव्याच्या बाजारपेठेंतून हे खडे विजापूर, गोवळकोंडा व आग्रा येथील दरबारीं जात. याक द कूत्र हा फ्लेमिश जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या आरंभीं गोव्यास राहून दख्खनच्या व मोगलांच्या दरबारांशीं रत्नांचा व्यापार करी. पुढें ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानें तर स्पष्टच लिहिलें कीं, पाचू पूर्वेकडे निघतात ही जुनी भ्रांति आहे. तरीही ‘जुन्या खाणीचा पूर्वेकडील पाचू’ ही भाषा बाजारांत टिकून राहिली, कारण तशा भाषेला भाव येतो. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत जुन्या पाचूंतील प्राणवायूच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचें प्रमाण मोजून त्यांची जन्मभूमि ठरविण्यांत आली. तेव्हां अठराव्या शतकांत भारतांत घडविलेले बहुतेक उत्तम पाचू कोलंबियाचेच निघाले.

मोगल कारागिरांनीं या खड्यांशीं जें वर्तन केलें, तें मात्र युरोपांतल्या कारागिरांपेक्षां शहाणपणाचें होतें. जाळें काढून टाकण्यासाठीं दगड छाटीत बसण्यापेक्षां, स्फटिकाची रुंद चकती तशीच ठेवून तिच्यावर फुलें, पानें व अक्षरें कोरण्याची त्यांची रीत. चीर पानाच्या शिरेंत लपून जाई आणि वजनही वांचे. हिजरी ११०७, म्हणजे इसवी सन १६९५-९६, असा काल कोरलेला २१७.८० कॅरट वजनाचा असा एक पाचू २००१ सालीं लंडनमध्यें लिलावांत विकला गेला. त्याच्या एका बाजूला शिया पंथाची प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूला फुलांची नक्षी आहे. त्या सालीं औरंगजेबाची छावणी भीमेच्या कांठीं ब्रह्मपुरीस पडली होती. बादशहा स्वतः सुन्नी. तेव्हां हा खडा त्याच्या पदरच्या किंवा दक्षिणेंतील एखाद्या सरदाराचा असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

इकडे महाराष्ट्रांत पाचू आला तो शिरपेंच, तुरे, कंठे यांतून. आणि घरगुती दागिन्यांत मोत्यांच्या संगतीनें आला. नथींतील मोत्यांमध्यें तांबड्याबरोबर एखादा हिरवा खडा, तन्मणीच्या खोडांत एखादा पाचू, एवढाच त्याचा वावर; पण पांढऱ्या मोत्यांशेजारीं तो असा खुलतो कीं ही जोडी ज्यानें प्रथम जुळविली त्याच्या रसिकतेचें कौतुक वाटावें. या जुन्या कामांत खडा कोंदणांत बसवीत. मागची बाजू बंद, आणि खड्याखालीं चकाकत्या पत्र्याची डांक. प्रकाश डांकेवरून परतून खड्यांतून पुन्हां बाहेर येई व फिकट खडाही भरदार दिसे. यांत फसविण्याचा हेतु होताच असें नाहीं. दिव्याच्या उजेडांत दागिना उठून दिसावा म्हणूनच ही युक्ति. परंतु बंद कोंदणांतील खड्याचा खरा रंग, जाडी किंवा त्याच्या पाठीची चीर बाहेरून कळत नाहीं. तो कोंदणांतून काढला कीं कित्येकदां निम्मा रंग डांकेबरोबर निघून जातो. लेखाच्या आरंभीं सांगितलेल्या पहिल्या सराफानें खडे परत दिले, त्याचें एक कारण हें.

दुसरें कारण तेल. पाचूला तेल पाजण्याची चाल फार जुनी आहे आणि ती आजही सर्वत्र चालू आहे. पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरेंत हवा असते. दगडांतून जाणारा प्रकाश त्या हवेशीं आला कीं वांकतो व मागें फिरतो, म्हणून चीर आरशासारखी चमकते. चिरेंत तेल भरलें म्हणजे प्रकाशाला तेल व दगड यांत फारसा भेद जाणवत नाहीं, आणि चीर डोळ्यांआड होते. कागदावर तेलाचा डाग पडला असतां तेवढा भाग पारदर्शक होतो व पलीकडचीं अक्षरें दिसूं लागतात. तें घडतें याच न्यायानें. यासाठीं सीडरच्या लांकडाचें बिनरंगी तेल वापरण्याचा प्रघात आहे. पाचू घांसण्याच्या कामांत जगांतील अग्रगण्य शहर जें जयपूर, तेथें हें काम रोजचें आहे, आणि बिनरंगी तेल सांगून-सवरून घातलें तर त्याला व्यापारांत कोणी नांवें ठेवीत नाहीं. दोष दोन ठिकाणीं सुरू होतो. तेलांत हिरवा रंग मिसळून फिकट खडा गडद करणें ही सरळ फसवणूक आहे. आणि तेलाऐवजीं कृत्रिम राळ भरून, कठीण करून, खडा उपजतच निर्मळ होता असें भासविणें ही त्याहून वाईट. कारण कांहीं वर्षांनीं ती राळ पिवळी किंवा धुरकट होते, आणि तेलासारखी सहज काढतांही येत नाहीं.

याखेरीज प्रयोगशाळेंत वाढविलेला पाचू निराळाच. जर्मनींत आणि अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत तो तयार करण्यांत यश आलें. तो कांच नव्हे. त्याचें रसायन, कठिणपणा, स्फटिकाची घडण, सारें खाणींतल्या पाचूसारखेंच असतें, आणि एक एक स्फटिक वाढण्यास कित्येक महिने लागतात. अंगावर घालण्यासाठीं तो मुळींच वाईट नाहीं. पण खाणींतल्या खड्याच्या किमतीचा तो लहानसा अंशच आणतो. म्हणून त्याचें नांव स्पष्ट सांगणें एवढीच त्याच्या विक्रेत्याकडून अपेक्षा.

घरगुती परीक्षा पुष्कळ सांगितल्या जातात. पाचू दुधांत टाकला म्हणजे दूध हिरवें दिसतें, ही त्यांतली लोकप्रिय. हिरवी बांगडी फुटली असेल तर तिचा तुकडा दुधांत टाकून पाहावा. दूध तितकेंच हिरवें दिसेल. १९३४ सालीं लंडनमध्यें निघालेल्या चेल्सी नांवाच्या रंगीत कांचेंतून कोलंबियाचा पाचू तांबूस दिसतो. क्रोमियमच्या त्या छुप्या तांबड्या प्रकाशाचाच हा पुरावा. पण प्रयोगशाळेंतला पाचू तिच्यांतून बहुधा अधिकच तांबडा दिसतो, आणि झांबियाचा अस्सल पाचू लोहामुळें कित्येकदां तांबडा दिसतच नाहीं. तेव्हां हिच्यावरही एकटीवर भिस्त ठेवणें धोक्याचें. दहापट दाखविणारें भिंग आणि तें वापरणारा अनुभवी डोळा यांनीं बरेंच कळतें. खात्री रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच देऊं शकते. तिच्या दाखल्यांत तीन गोष्टी पाहावयाच्या: खडा नैसर्गिक आहे काय, चिरांत कांहीं भरलें आहे काय, असल्यास अल्प, मध्यम कीं पुष्कळ, आणि जन्मस्थानाविषयीं मत. हिरव्या खड्यांसाठीं मोठी रक्कम मोजणाऱ्यानें असा दाखला मागितला तर कोणत्याही प्रामाणिक जवाहिऱ्याला राग येत नाहीं. ज्याला येतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

मोलाचा पहिला आधार रंग. तो दिवसाच्या उजेडांत, उत्तरेकडील खिडकीशीं, पांढऱ्या कागदावर खडा ठेवून पाहावा; पेढीवरचे दिवे पाचूचे नेहमींच पक्षपाती असतात. काळपट नको, पाणचट नको. मग जाळें किती आणि कोठें आहे तें पाहावयाचें. मध्यभागीं पृष्ठभागाला भिडलेली चीर आंतल्या विरळ तंतूंपेक्षां शतपट घातक. वजनाविषयीं एक सोयीची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पाचू हिऱ्याहून आणि माणकाहून हलका असतो; म्हणून एक कॅरटाचा पाचू तेवढ्याच वजनाच्या माणकापेक्षां मोठा दिसतो. कॅरट म्हणजे एका ग्रॅमचा पांचवा भाग. आपल्या जुन्या गुंजेच्या हिशेबानें एक गुंज सुमारें सहा दशांश कॅरट भरते. रंग, निर्मळपणा आणि तेलाचा अभाव हे तिन्ही योग एका ठायीं आले म्हणजे किंमत कोठवर जाते, याचा दाखला २०१७ सालीं न्यूयॉर्कमध्यें मिळाला. अमेरिकेंतील रॉकफेलर घराण्याकडे असलेला कोलंबियाचा १८.०४ कॅरटांचा पाचू तेथें लिलावांत पंचावन्न लाख डॉलरांस विकला गेला. चिरांत कांहींही भरल्याचें चिन्ह त्यांत आढळलें नव्हतें. त्याच आकाराचा, दिसण्यांत बहुतेकांना तसाच वाटणारा, पण राळेनें भरलेला खडा या रकमेच्या जवळपासही जात नाहीं. म्हणूनच तो तिसरा सराफ कागद मागत होता. खरेदीचें साल, पेढी, प्रत्येक खड्याचें वजन आणि तेलाविषयीं विक्रेत्यानें लेखी दिलेलें निवेदन, एवढें दागिन्याच्या पेटींत असलें तर त्याचें काम सोपें होतें आणि घरच्यांचें नुकसान टळतें.

ज्यांच्या घरीं पाचू आहे त्यांच्यासाठीं आतां थोडें जपणुकीविषयीं. पाचू कठीण असला तरी ठिसूळ आहे. कठिणपणा ओरखड्याला दाद देत नाहीं, ठिसूळपणा आघाताला दाद देतो. पाचूचे चार कोपरे छाटून अष्टकोनी, पायऱ्यापायऱ्यांचा घाट देण्याची पद्धति पडली ती कोपरे उडूं नयेत म्हणून. अंगठींतला पाचू घालून भांडीं घासूं नयेत, कणीक तिंबूं नये. त्यापेक्षां गळ्यांतला किंवा कानांतला पाचू सुरक्षित. हिऱ्यांच्या दागिन्यांशेजारीं तो मोकळा ठेवूं नये, हिरा त्याला ओरबाडतो. सणासुदीपूर्वीं सारे दागिने रिठ्याच्या कढत पाण्यांत बुडविण्याची रीत आहे; सोन्याला ती मानवते, पाचूला नाहीं. कढत पाण्यानें व साबणानें चिरांतील तेल निघून जातें, आणि काल निर्मळ दिसणारा खडा आज भेगाळलेला दिसतो. दुकानांतील दागिने धुण्याच्या कंपनयंत्रांत तर तो टाकूंच देऊं नये. तसेंच दागिना झाळावयाचा असेल तर आधीं खडे काढवून घ्यावे. पुसावयाचा तो कोमट पाण्यांत भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानें, हलक्या हातानें. आणि एखाद्या जुन्या खड्याचें तेल सुकून तो निस्तेज झालाच असेल, तर तो फुटला असें समजून टाकून देऊं नये किंवा मातीमोलानें विकूं नये. जाणत्या कारागिराकडून चिरा स्वच्छ करवून पुन्हां बिनरंगी तेल दिलें असतां तो बहुधा पूर्ववत् दिसूं लागतो.